एका खात्यातील तीन व्यवहार

(ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व पंचायत समितीचे अधिकारी यांच्यापुढे झालेल्या भाषणाचा मजकूर)

आठवड्याच्या बाजाराची जुनी मांडणी ज्यांनी लक्षपूर्वक पाहिली असेल, त्यांना एक गोष्ट सहज आठवेल. भाजी, धान्य, मिरची-मसाला यांची दुकाने रस्त्याच्या दोन्ही अंगांना उघड्यावर मांडलेली असत. सोन्याचांदीचा व्यवहार करावयाचा तर सराफाच्या पेढीची पायरी चढावी लागे. आणि आकडा लावावयाचा असेल तर बाजारामागच्या बोळात, पानपट्टीच्या आडोशाला, कोणी ओळखीचे पाहत नाही ना याची खात्री करून जावे लागे. तिन्ही ठिकाणी देवघेव पैशाचीच होई. परंतु एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाताना माणसाला काही पावले चालावी लागत, आणि तेवढ्या चालण्यात विचार करावयास अवकाश मिळे. लोकलज्जाही आडवी येई.

भ्रमणध्वनीने हे अंतर नाहीसे केले आहे. ज्या पडद्यावर घरातील गृहिणी आपल्या मसाल्याची मागणी नोंदवून घेते, त्याच पडद्यावर तिचा मुलगा रात्री अकरा वाजता पैसे लावून पत्ते खेळतो, आणि त्याच पडद्यावर कोणी हितचिंतक म्हणविणारा मनुष्य कूटचलनात, म्हणजे ज्यास सर्वत्र क्रिप्टो म्हणतात त्यात, पैसे गुंतविण्याचा सल्ला देतो. तिन्ही व्यवहारांचा पैसा एकाच बँक खात्यातून जातो. यंत्राला दोष देऊन भागणार नाही; याच यंत्राने कित्येक बचत गटांना गावाबाहेरचे गिऱ्हाईक मिळवून दिले आहे. प्रश्न आहे तो असा की, बाजाराने पूर्वी जे अंतर राखले होते ते आता घराने स्वतः कसे राखावे.

त्यासाठी प्रथम हे तीन व्यवहार स्वभावतः किती निराळे आहेत ते समजून घ्यावयास हवे. तिन्हींत जोखीम आहे हे खरे. ‘धंद्यातही नुकसान होतेच की’ हे वाक्य जुगाराच्या समर्थनार्थ नेहमी ऐकू येते. परंतु जोखीम जोखीम सारखी नसते. एक जोखीम अशी असते की जी मोजता येते आणि मेहनतीने कमी करता येते. दुसरी मोजता येते, पण कशानेही कमी करता येत नाही. आणि तिसरी धड मोजताही येत नाही.

आकड्याचा हिशेब

महाराष्ट्राला जुगाराचे गणित शिकविण्याची वास्तविक गरज पडू नये, इतका त्याचा या प्रदेशाशी जुना संबंध आहे. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातील उघडत्या व बंद होणाऱ्या भावांवर मुंबईत पैसे लावले जात. ‘आकडा’ हे नाव त्यातून रूढ झाले. १९६१ मध्ये ते भाव येणे थांबल्यावर, १९६० च्या त्या दशकातच मडक्यातून चिठ्ठ्या वा पत्ते काढून आकडा ठरविण्याची रीत पडली आणि ‘मटका’ हा शब्द घरोघर पोहोचला. जुगारास प्रतिबंध करणारा या राज्यातील कायदा १८८७ सालचा आहे. १९६९ मध्ये राज्य शासनाने स्वतःची लॉटरी सुरू केली, त्यामागेही मटक्याकडे जाणारा पैसा दुसरीकडे वळावा हा एक विचार होता.

जुगार चालविणे हा इतर धंद्यांसारखाच एक धंदा आहे काय, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढेही आला होता, आणि तो याच प्रदेशातून गेला होता. तत्कालीन मुंबई राज्यात शब्दकोड्यांच्या बक्षीस स्पर्धा वृत्तपत्रांतून जोरात चालत. त्यांवर नियंत्रण व कर बसविणाऱ्या मुंबईच्या कायद्याला आव्हान देण्यात आले. चमारबागवाला खटला म्हणून प्रसिद्ध असलेल्या त्या प्रकरणात १९५७ साली न्यायालयाने असा निर्णय दिला की, राज्यघटनेने नागरिकांना दिलेले व्यापार-व्यवसायाचे स्वातंत्र्य जुगाराला लागू होत नाही. निर्णय देताना न्यायमूर्तींनी ऋग्वेदातील जुगाऱ्याच्या सूक्तापासून स्मृतिग्रंथांपर्यंतचा परामर्श घेतला होता. व्यापार आणि जुगार यांतील सीमारेषा इतकी जुनी आहे.

ती रेषा कोठे आहे हे मटक्याच्या हिशेबावरून चांगले कळते. शून्य ते नऊ असे दहा आकडे. एका आकड्यावर दहा रुपये लावले आणि तो आला तर नव्वद रुपये मिळावयाचे, हा रूढ दर. आता एखाद्याने अतिशय सावधपणे दहाही आकड्यांवर प्रत्येकी दहा रुपये लावले असे समजावे. त्याचे शंभर रुपये गेले. कोणताही आकडा निघो, त्याच्या हाती नव्वदच येणार. म्हणजे जो कधीही चुकत नाही असा खेळाडूसुद्धा दर वेळी दहा रुपये हरतो. हे दहा रुपये नशिबाने जात नाहीत. ते दरातच कापून घेतलेले असतात. खेळणाऱ्याने स्वप्नात आकडे पाहिले, जुने निकाल वहीत टिपून ठेवले किंवा गुरुवारचा उपवास केला, तरी या दहा टक्क्यांत एका पैशाचाही फरक पडत नाही.

पुष्कळांची समजूत अशी असते की, हजार रुपये घेऊन बसले तर फार तर शंभर जातील. ती चुकीची आहे. कपात खिशातल्या रकमेवर होत नाही, प्रत्येक वेळी लावलेल्या रकमेवर होते. हजार रुपये लावले, सरासरीने नऊशे परत आले; ते पुन्हा लावले, आठशे दहा आले. अशा दहा फेऱ्यांनंतर सरासरीने हाती राहतात ते तीनशे एकोणपन्नास रुपये. मधूनमधून एखादा जिंकतो, आणि त्याच्याच जिंकण्याची बातमी गावभर होते. बाकीच्यांचे हरणे घरातच राहते.

मटक्याचा आकडा दिवसातून दोनदा, उघडताना आणि बंद होताना, निघत असे. दहा फेऱ्या व्हावयास पाच दिवस लागत. मधल्या काळात मजूर कामावर जाई, बायको पगाराचे पाकीट ताब्यात घेई, उत्साह मावळे. भ्रमणध्वनीवरील खेळात दहा फेऱ्या अर्ध्या तासात होतात. जुन्या जुगाराहून नवा जुगार अधिक घातक ठरतो तो मुख्यतः या वेगामुळे. कपातीचा दर थोडा कमी असला तरी फेऱ्यांची संख्या ती उणीव भरून काढते.

‘आमचा खेळ नशिबाचा नव्हे, कौशल्याचा आहे’ असे रमीचे व क्रिकेट संघ निवडण्याच्या खेळांचे चालक बरीच वर्षे सांगत आले. त्यात तथ्य नव्हतेच असे नाही. चांगला खेळणारा वाईट खेळणाऱ्यावर मात करतो. परंतु सर्व खेळाडूंनी मिळून जी रक्कम जमा केली तीतून चालकाचा हिस्सा आधी निघतो आणि उरलेली वाटली जाते. सबब खेळाडू एकत्रितपणे हरणारच. कौशल्याने फक्त कोणी किती हरावे एवढे ठरते. नव्याने आलेला खेड्यातील मुलगा हा बहुधा त्या पंगतीतला सर्वांत अकुशल खेळाडू असतो.

संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन खेळांविषयीचा जो कायदा संमत केला, त्याने हा कौशल्य-नशिबाचा वाद बाजूस ठेवला आहे. पैसे लावून खेळावयाचे ऑनलाइन खेळ, मग ते कोणत्याही प्रकारचे असोत, पुरविण्यास त्याने मनाई केली. असे खेळ पुरविणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास वा एक कोटी रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि त्यांची जाहिरात करणाऱ्यासही शिक्षा, अशी त्यात तरतूद आहे. खेळणाऱ्याला मात्र कायद्याने गुन्हेगार धरलेले नाही. पंचायत सदस्यांनी ही गोष्ट मुद्दाम लक्षात ठेवावी. कारण पोलिसांच्या भीतीनेच पुष्कळ कुटुंबे फसगत झाल्याचे बोलत नाहीत. कायदा झाल्यावर देशातील मोठ्या कंपन्यांनी पैशांचे खेळ थांबविले. तथापि परदेशातून चालणारी संकेतस्थळे आणि सट्टेबाजांचे हस्तक यांनी आपला मार्ग सोडला असे मानण्याचे कारण नाही. त्यांना भारतीय बँकांतील खाती लागतात, आणि ती कोठून मिळतात याचा विचार पुढे यावयाचा आहे.

ज्याचे मोल कोणी सांगावे?

कूटचलनाची गोष्ट जुगाराहून निराळी आहे, आणि त्यास सरसकट जुगार म्हणणे योग्य होणार नाही. सातोशी नाकामोतो या टोपणनावाने २००८ मध्ये एक निबंध प्रसिद्ध झाला आणि जानेवारी २००९ पासून बिटकॉइनचे जाळे चालू झाले. देवघेवीची वही एका बँकेकडे न ठेवता जाळ्यातील असंख्य संगणकांनी तिच्या प्रती ठेवावयाच्या, नवी पाने सर्वांनी पडताळून जोडावयाची, अशी ती कल्पना. एकंदर नाणी दोन कोटी दहा लाखांहून अधिक होणार नाहीत असे बंधन त्यात आहे. संगणकशास्त्राच्या दृष्टीने ही रचना कुतूहलजनक आहे यात शंका नाही.

परंतु रचना चांगली म्हणून गुंतवणूक चांगली असे होत नाही. जमिनीतून पीक येते, म्हशीपासून दूध मिळते, बँकेतील ठेवीवर व्याज येते. बिटकॉइनमधून स्वतः काहीच उत्पन्न होत नाही. उद्या कोणी अधिक किंमत देईल या अपेक्षेवरच त्याचा भाव उभा आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये एका बिटकॉइनचा भाव ६९,००० डॉलरच्या आसपास होता. पुढच्याच नोव्हेंबरात तो १६,००० डॉलरच्या खाली आला. डिसेंबर २०२४ मध्ये त्याने एक लाखाची मर्यादा ओलांडली आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये सव्वा लाख डॉलरही मागे टाकले. या चढउताराचा अर्थ शेतकऱ्याच्या भाषेत सांगावयाचा तर असा: जो भाव तीन चतुर्थांश पडतो तो पूर्वपदावर येण्यासाठी चौपट व्हावा लागतो. तितके दिवस वाट पाहण्याची ज्याची ऐपत आहे त्याची गोष्ट वेगळी. मुलीच्या शिक्षणाची फी जूनमध्ये भरावयाची आहे, त्याला नोव्हेंबरातील भावाची वाट पाहता येत नाही.

शासनाची याविषयीची भूमिका काय, असे गावात हमखास विचारले जाते. रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०१३ मध्येच जनतेला सावध केले होते. एप्रिल २०१८ मध्ये तिने बँकांना अशा व्यवहारांपासून दूर राहण्यास सांगितले. तो आदेश सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० रोजी रद्द केला. १ एप्रिल २०२२ पासून या मालमत्तेच्या नफ्यावर ३० टक्के आयकर लागू झाला आणि त्याच वर्षी १ जुलैपासून विक्रीच्या रकमेवर एक टक्का कर उगमस्थानी कापला जाऊ लागला. ‘कर घेतात म्हणजे सरकारची मान्यता आहे’ असा युक्तिवाद दलाल करतात. तो फसवा आहे. कर बसविणे ही मान्यता नव्हे आणि हमी तर मुळीच नव्हे. रुपया हे चलन आहे. कूटचलन देऊन कर्ज फेडू म्हटले तर सावकारावर ते घेण्याचे बंधन नाही.

कराच्या नियमातील एक कलम तर छोट्या माणसाने पाठ करून ठेवावे असे आहे. एका नाण्यात ४०,००० रुपये नफा झाला आणि दुसऱ्यात ४०,००० रुपये तोटा झाला, तर साधा मनुष्य म्हणेल की बरोबरी झाली. करखात्याच्या हिशेबी तसे नाही. एका नाण्याचा तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा होत नाही. पुढील वर्षी ओढताही येत नाही. नफ्याच्या ४०,००० वर १२,००० रुपये कर आणि त्यावर उपकर ४८० रुपये. वर्षअखेर हाती एक पैसा न येता १२,४८० रुपये देणे निघते. कोणत्याही दलालाच्या जाहिरातीत हे उदाहरण आढळत नाही.

याखेरीज ठेवीच्या सुरक्षिततेचा प्रश्न आहे. बँक बुडाली तर प्रत्येक ठेवीदारास पाच लाख रुपयांपर्यंत विम्याचे संरक्षण फेब्रुवारी २०२० पासून आहे. कूटचलनाच्या विनिमय संस्थेत ठेवलेल्या नाण्यांना ते नाही. जुलै २०२४ मध्ये आपल्या देशातील एका मोठ्या विनिमय संस्थेतून सुमारे २३ कोटी डॉलर किमतीची नाणी चोरीस गेली आणि हजारो खातेदारांना आपली नाणी वर्षाहून अधिक काळ काढता आली नाहीत.

हे झाले खऱ्या नाण्यांविषयी. खेड्यापाड्यांत जे पोहोचते ते बहुधा खरे नाणे नसतेच. नाण्याच्या नावाने चालविलेली साखळी योजना असते. २०१८ मध्ये पुण्यात गुन्हे दाखल झालेल्या ‘गेनबिटकॉइन’ प्रकरणात गुंतवणूकदारांना अठरा महिने, दरमहा दहा टक्के परताव्याचे आश्वासन दिले होते. नवे सभासद आणणाऱ्यास दलाली होती. बिटकॉइन घेऊन पुढे परतावा मात्र चालकांनी स्वतः काढलेल्या, नगण्य किमतीच्या नाण्यांत देण्यात आला. त्याचा तपास नंतर केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेला. दरमहा दहा टक्के म्हणजे काय याचा हिशेब शाळेतील सातवीचा विद्यार्थी करू शकेल: परतावा मुद्दलात घालत गेले तर लाखाचे वर्षात तीन लाखांहून अधिक. असे कोणास खरोखरच साधत असते तर त्याने गावोगाव हिंडून परक्यांचा पैसा कशाला गोळा केला असता? बँकेतून दीड टक्का दरमहा दराने कर्ज काढून तो एकटाच धनाढ्य झाला असता. बक्षीस-चिठ्ठी व पैशांच्या साखळी योजनांवर १९७८ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आहे, ठेवीदारांच्या हितसंरक्षणाचा महाराष्ट्राचा कायदा १९९९ चा आहे. कायदे आहेत, परंतु ते बहुतेक वेळा पैसा गेल्यानंतर धावून येतात.

मसाल्याची वीस पाकिटे

आता ज्या व्यवहाराकडे अधिक लक्ष द्यावयास हवे आणि दिले जात नाही, त्याकडे वळावे. बचत गटातील किंवा एकट्याने काम करणाऱ्या स्त्रिया मसाले, पापड, लोणची, गोधड्या, हातशिलाईचे कपडे ऑनलाइन विकू लागल्या आहेत. यातही पैसे बुडतात. आणि ते का बुडतात हे न कळल्यामुळे ‘हाही एक जुगारच’ अशी भावना होते. एक उदाहरण कल्पावे.

मसाल्याचे एक पाकीट ३०० रुपयांस विकले. जिन्नस १२० रुपयांचे, पिशवी व लेबल १५, कुटण्या-भाजण्याची मजुरी ३५, पोहोचविण्याचा खर्च ५५ आणि विक्रीमंचाचे कमिशन ४५. एकूण खर्च २७०. नफा ३० रुपये. वीस पाकिटे गेली की सहाशे रुपये सुटले, असे बाई मनात धरून चालते. प्रत्यक्षात तीन पाकिटे परत येतात. गिऱ्हाइकाने दारात पैसे देतो म्हटले होते, त्याचा विचार फिरला. परत आलेला खाद्यपदार्थ पुन्हा विकणे योग्य नाही. त्या प्रत्येक पाकिटाचे जिन्नस, पिशवी व मजुरीचे १७० रुपये गेले, जाण्याचे ५५ आणि येण्याचे ५५ गेले, मिळून २८०. तिघांचे ८४०. उरलेल्या सतरा पाकिटांचा नफा ५१०. सहाशे रुपये मिळावयाचे ते राहिले बाजूलाच, ३३० रुपये पदरचे गेले.

आता हीच बाई मागणी येताच प्रत्येक गिऱ्हाइकास फोन करून पत्ता व इच्छा विचारून घेते, नव्या गिऱ्हाइकाकडून पैसे आधी घेते आणि जुन्यासच दारात पैसे देण्याची सवलत देते. परत येणारी पाकिटे तिनावरून एकावर आली. एकोणीस पाकिटांचे ५७० रुपये, त्यातून एकाचे २८० वजा जाता २९० रुपये शिल्लक राहिले. वीस फोन केल्याने ३३० चा तोटा २९० च्या नफ्यात बदलला. मटक्याच्या दहा टक्क्यांना कितीही फोन केले तरी हलविता येत नाही. व्यापाराची जोखीम आणि जुगाराची जोखीम यांतील भेद या दोन आकड्यांत आहे, आणि तो प्रत्येक बचत गटाच्या बैठकीत फळ्यावर मांडून दाखविण्यासारखा आहे.

कायद्याच्या बाजूने पूर्वीपेक्षा वाट पुष्कळ सोपी झाली आहे. माल विकणाऱ्या छोट्या व्यावसायिकास महाराष्ट्रात ४० लाख रुपयांच्या वार्षिक उलाढालीपर्यंत सामान्यतः वस्तू व सेवा कराची नोंदणी करावी लागत नाही. विक्रीमंचावरून विकायचे तर मात्र पूर्वी पहिल्या रुपयापासून ती लागत असे. १ ऑक्टोबर २०२३ पासून राज्याच्या आत माल विकणाऱ्या छोट्या विक्रेत्यांना त्यातून मोकळीक मिळाली. केवळ एक नावनोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. खाद्यपदार्थांसाठी अन्नसुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी मात्र अवश्य करावी. ती टाळण्यात काहीच शहाणपण नाही. तिच्यावाचून मोठी मागणी येतच नाही.

फसवणुकीचा एक प्रकार इतका सर्रास झाला आहे की त्याचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. ‘मी सैन्यात आहे, तुमच्या गोधड्या घ्यावयाच्या आहेत, आगाऊ पैसे पाठवितो’ असा फोन येतो, पाठोपाठ एक चौकोनी संकेतचित्र येते आणि ते स्कॅन करून पिन दाबावयास सांगितले जाते. पिन दाबला की पैसे येत नाहीत, जातात. पैसे स्वीकारण्यासाठी पिन कधीही लागत नाही. हे एक वाक्य ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहून ठेवावे. तसेच पैसे मिळाल्याचे चित्र समोरच्याने पाठविले म्हणजे पैसे मिळाले असे नव्हे; आपल्या खात्यात रक्कम दिसल्यावरच माल द्यावा.

खाते गोठते तेव्हा

येथवर तीन व्यवहार निरनिराळे मांडले. घरात ते निरनिराळे राहत नाहीत, हीच अडचण आहे. मसाल्याच्या खात्यात दिवाळीपूर्वी पंचवीस हजार जमतात. ती रक्कम नफ्याची नसते. तीत पुढच्या खेपेच्या मिरच्या-धण्यांचे पैसे असतात, गटातील बायकांची मजुरी असते. भ्रमणध्वनीवर मात्र ती एकच ठळक संख्या म्हणून दिसते. घरातील तरुणास वाटते, त्यातून दोन हजार घेऊन उद्या परत ठेवू. शेतकऱ्याचे घर कितीही अडचणीत असले तरी बियाणे दळून खात नाही, कारण ते पोते वेगळे असते आणि सर्वांना ठाऊक असते. भांडवलाचे पोते वेगळे नसेल तर ते कधी दळले गेले हे कळतही नाही.

दुसरे संकट याहून मोठे आहे. सट्टेबाजांना आणि सायबर चोरांना पैसे फिरविण्यासाठी दुसऱ्यांची खाती लागतात. ‘तुझे खाते महिनाभर वापरावयास दे, पाच हजार मिळतील’ असे कोणी ओळखीचाच मनुष्य महाविद्यालयीन मुलाला सांगतो. कोणी आपली डिजिटल नाणी परक्या व्यक्तीस परस्पर विकतो आणि खात्यात येणारा पैसा दुसऱ्याच कोणाची फसवणूक करून मिळविलेला असतो. तक्रार झाली की पोलिसांच्या सूचनेवरून बँक खाते गोठविते. मुलाने दिलेले खाते जर आईच्या व्यवसायाचेही असेल, तर मसाल्याचे पैसे, गटाची मजुरी, प्रसंगी कोणाचे अनुदान, सारेच अडकून पडते. ते मोकळे करावयास परराज्यातील पोलीस ठाण्याशीही पत्रव्यवहार करावा लागू शकतो. शिवाय खाते भाड्याने देणारा स्वतः आरोपी ठरू शकतो. आपण पैसे पाहिलेच नाहीत हा बचाव पुरा पडत नाही.

म्हणून व्यवसायाचे खाते स्वतंत्र असावे, त्याचा पिन घरात एकाच व्यक्तीस ठाऊक असावा आणि ती व्यक्ती व्यवसाय करणारी स्त्री असावी. घरखर्चाचे खाते दुसरे. आणि ज्यास कूटचलनात पैसे घालावयाचेच असतील त्याने ते घरखर्च, भांडवल, पेरणी, फी व आजारपणाची तजवीज यांनंतर उरलेल्या, आणि सर्व बुडाले तरी कर्ज काढावे लागणार नाही अशाच रकमेतून, तिसऱ्या खात्यातून घालावेत. कर्ज काढून तर कदापि नव्हे. भ्रमणध्वनीवर पाच मिनिटांत कर्ज देणाऱ्यांपैकी पुष्कळजण वसुलीसाठी नातेवाइकांना फोन करून बेअब्रू करतात. महाराष्ट्रात सावकारी करावयास २०१४ च्या कायद्याखाली परवाना लागतो, ही गोष्टही ग्रामसभेत सांगावी.

पैसे गेलेच तर वेळ महत्त्वाची. १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर तत्काळ फोन केला तर रक्कम पुढच्या खात्यातून निघून जाण्यापूर्वी अडविली जाण्याची शक्यता असते; पहिल्या एक-दोन तासांनंतर ती झपाट्याने कमी होते. बँकेसही त्याच दिवशी लेखी कळवावे. रिझर्व्ह बँकेने जुलै २०१७ मध्ये ग्राहकाच्या जबाबदारीविषयी जे नियम केले, त्यांत ग्राहकाने किती दिवसांत कळविले यास मोठे महत्त्व होते. ग्रामसेवकाने वा शिक्षकाने हा फोन स्वतःच्या हाताने लावून दिला तरी ते मोठे काम होईल, कारण घाबरलेल्या माणसाला नेमके त्या वेळी काही सुचत नाही. जुगाराचे व्यसन जडून कर्जात बुडालेल्या तरुणास उपदेश करण्यापूर्वी १४४१६ या टेलिमानस सेवेवर समुपदेशकाशी बोलते करावे. ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. कर्जाचा आकडा घरच्यांपासून लपविण्याची धडपडच अशा मुलांना टोकास नेते, तेव्हा आकडा आधी कागदावर यावा, रागावणे मागाहून.

शिक्षकांना एक प्रयोग सुचविण्यासारखा आहे. त्यास खर्च काही नाही. सातवी-आठवीच्या वर्गात शून्य ते नऊ अशा दहा चिठ्ठ्या एका डब्यात घालाव्यात. प्रत्येक मुलास शंभर चिंचोके द्यावेत. एक मुलगा चालक व्हावा. दर फेरीस मुलांनी हव्या त्या आकड्यावर दहा चिंचोके लावावेत. आकडा आला त्यास चालकाने नव्वद द्यावेत. चिठ्ठी पुन्हा डब्यात टाकून एका तासिकेत अशा तीस फेऱ्या सहज होतात. प्रत्येक पाच फेऱ्यांनंतर वर्गातील सर्वांचे मिळून किती चिंचोके उरले आणि चालकाजवळ किती जमले हे फळ्यावर दोन रकान्यांत लिहावे. मध्येच कोणी जिंकेल, वर्ग टाळ्या वाजवील. तीही नोंद करावी. तासिका संपल्यावर मुलांना काही सांगू नये. दुसऱ्या दिवशी गणिताच्या तासाला तोच फळा त्यांनाच वाचावयास द्यावा, आणि त्यानंतर मसाल्याच्या वीस पाकिटांचा हिशेब शेजारी मांडावा.